पंच क्रमांक एक

नारायण पेठ, पुणे
९ नोव्हेंबर २०२५

चि. ऋचास,
आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे न उघडता बाजूला ठेवशील, अशी एक शक्यता आहे. ठेवलंस तर माझी तक्रार नाही. पाच वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, तेव्हा तक्रारीचा हक्क मी केव्हाच घालवला. फोन करता आला असता, पण तू तो उचलला असतास आणि मग मला बोलावं लागलं असतं.

तुझी आई दर रविवारी दुपारी तीनला फोन घेऊन गॅलरीत कपडे वाळत घालायला जाते आणि अर्ध्या तासाने येते, हे मी पाहतो. दुपारी तीनला कोणी कपडे वाळत घालत नाही. मी विचारत नाही, ती सांगत नाही. आमचं बरं चाललंय.

कामाचं लिहितो. आमच्या ऑफिसात एक गृहस्थ आहेत, वरिष्ठ लिपिक, येत्या मे महिन्यात निवृत्त व्हायचे. तीन वर्षांपूर्वी पोलिसांनी त्यांना पंच म्हणून नेलं होतं. स्वारगेटजवळ एक भाड्याची गाडी थांबवली, गाडीची आणि चालकाची झडती घेतली, अमली पदार्थ सापडले. गृहस्थांनी पंचनाम्यावर सही केली आणि घरी जाऊन जेवले. आता खटला उभा राहिलाय आणि त्यांना साक्षीचं समन्स आलंय. गृहस्थ जरा घाबरट आहेत.

त्यांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. रस्त्यात अशी गाडी थांबवून झडती घेताना त्या माणसाला काय काय सांगावं लागतं? आणि पंचाने सगळं डोळ्यांनी पाहिलेलंच असावं लागतं का? सगळं म्हणजे अगदी सगळं.

तू तिकडे संभाजीनगरला हायकोर्टात असलेच खटले चालवतेस, असं ऐकतो. तू असला पहिला खटला घेतलास तेव्हा जेवणाच्या टेबलावर मी काय बोललो होतो ते मला आठवतं. तुलाही आठवत असणार. उत्तर दिलंस तर गृहस्थांना बरं वाटेल.

बाबा


२३ नोव्हेंबर २०२५

चि. ऋचा,

तुझं उत्तर मिळालं. टाइप केलेलं, अर्धं पान, वर 'प्रिय' नाही आणि खाली नुसती सही. वसुलीच्या नोटिशीतसुद्धा मी यापेक्षा जास्त ओलावा ठेवत आलोय. पण उत्तर मुद्देसूद आहे, आणि ही सवय तू माझ्याकडून उचलली आहेस असं मी आपलं समजतो.

मला कळलं ते असं. गाडीची झडती वेगळी आणि अंगाची झडती वेगळी. अंगाची झडती घ्यायची असेल तर त्या माणसाला आधी सांगावं लागतं, की बाबा रे, राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोरच झडती घ्या असं म्हणायचा तुला हक्क आहे. नुसतं पुटपुटून भागत नाही, त्याला ते समजलं पाहिजे. त्याने हक्क मागितला तर खऱ्या अधिकाऱ्यापुढे न्यावं लागतं. आणि पंचाने पाहिलं नसेल तर त्याने पाहिलं असं लिहून द्यायचं नसतं. हे शेवटचं वाक्य तू अधोरेखित केलं आहेस.

त्याखाली एक ओळ पेनाने लिहिली आहेस. 'तुमच्या गृहस्थांना सांगा, स्वतःसाठी विचारलं तरी चालतं.' ती मी तीन-चार वेळा वाचली.

ठीक आहे. गृहस्थ मीच.

पंच कसा होतो ते सांगतो, तुमच्या पुस्तकात नसेल. पोलिसांचं पत्र येतं, दोन कर्मचारी पाठवा. सरकारी माणूस कोर्टात सहसा शब्द फिरवत नाही, म्हणून आम्ही. आमचे साहेब पत्रावर शेरा मारतात, 'आगाशे यांना पाठवावे', कारण आगाशे नाही म्हणत नाहीत आणि आगाशेंचं अक्षर चांगलं आहे. चौदा वेळा गेलो. अक्षरामुळे पंचनामा लिहायलाही मलाच बसवतात. पोलिसांचा वेळ वाचतो आणि मलाही, खोटं कशाला सांगू, बरं वाटतं.

पाचसहा पंचनामे झाले की मजकूर पाठ होतो. नाव, गाडीचा नंबर, वजन एवढंच बदलायचं. ऑफिसात आम्ही प्रत्येक पत्र मागच्या पत्रावरूनच करतो. नवीन मजकूर करणारा कारकून दुसऱ्या दिवशी बोलणी खातो. ती सवय मी रस्त्यावर घेऊन गेलो, इतकंच.

१८ जानेवारी २०२३. सकाळी अकराला आम्ही स्वारगेटच्या पुढे उड्डाणपुलाच्या सावलीत उभे होतो. पोलिसांना खबर होती, गाडीची वाट बघत होते. चहावाल्याने मला प्लॅस्टिकची खुर्ची दिली. बसून करायचं काय, म्हणून मी मांडीवर पॅड घेतलं आणि पहिलं पान लिहून टाकलं. 'पोलिसांनी प्रथम स्वतःची झडती आम्हा पंचांना दिली.' दिली नव्हती. 'आरोपीस राजपत्रित अधिकारी अथवा दंडाधिकारी यांच्यासमक्ष झडतीच्या हक्काची समज दिली असता त्याने नकार दिला.' त्याने नकार दिला, हे मी तो तिथे यायच्या अर्धा तास आधी लिहिलं, ऋचा.

मग गाडी आली. चालक एकटाच, तेवीस वर्षांचा, अभय नावाचा. खराडीच्या कंपन्यांमधली माणसं ने-आण करायचा. गाडीत जेवणाचा डबा, पाण्याची बाटली, कंपनीच्या पासांचा गठ्ठा. डिकीत काही नाही. मग अंगाची झडती. मी मान खाली घालून गाडीचा नंबर लिहीत होतो. दुसरा पंच पलीकडे तंबाखू मळत होता. वर पाहिलं तेव्हा पुडी बॉनेटवर होती. साठ ग्रॅम एमडी पावडर. कुठून निघाली ते मी पाहिलं नाही. पंचनाम्यात आहे, 'आम्हा पंचांच्या समक्ष, जाकिटाच्या डाव्या खिशातून'. मागच्या पंचनाम्यात पँटचा खिसा होता, तेवढं बदललं.

एवढ्या वजनाला किमान दहा वर्षं आणि जामीन जवळजवळ नाही, हे तुझ्याच पत्रातून कळलं. तो तेव्हापासून येरवड्याच्या तुरुंगात आहे.

आणखी एक गोष्ट आहे. ती आज नको. हात दुखतोय.

बाबा


१४ डिसेंबर २०२५

चि. ऋचा,

तुझं दुसरं पत्र मिळालं. या वेळी हाताने लिहिलं आहेस, आणि 'ती आणखी एक गोष्ट कोणती' एवढंच विचारलं आहेस. सांगतो. सांगणं आता मला भाग आहे, कारण परवा कोर्टात जाऊन आलो.

साक्ष झाली नाही. आरोपीचे वकील दुसऱ्या कोर्टात अडकले, पुढची तारीख पडली. चार तास बाकावर बसून होतो. शेजारी एक बाई येऊन बसल्या, साठीच्या असतील, पायात रबरी चपला, हातात पिशवी. मांजरी गावाकडच्या. माझ्या गळ्यातलं ओळखपत्र बराच वेळ निरखलं आणि मग म्हणाल्या, "तुम्हीच न्हवं का ते मोठं साहेब? आमचा अभय म्हनतो, झडती मोठ्या साहेबांम्होरं झाली हाय, खुर्चीवर बसलं हुतं, तेच्यापुढं काय खोटं न्हाई व्हायचं. म्या म्हनलं, कवा ना कवा येतीलच."

कांताबाई नाव त्यांचं. अभयची आई.

मी म्हणालो, मी पंच आहे. त्या म्हणाल्या, तेच की. त्यांच्या लेखी पंच म्हणजे गावातला जाणता माणूस, ज्याच्या शब्दाला किंमत असते तो. त्यांनी पिशवीतून पेरू काढून दिला. मी घेतला नाही, आणि साक्षीदाराने असं काही घ्यायचं नसतं हेही मला धड सांगता आलं नाही. माझी तारीख पडली आणि मी चक्क पळालो.

आता ती गोष्ट.

फौजदारांनी अभयला हक्क सांगितला होता. गडबडीत, पण सांगितला. त्यांच्यावर खोटा आळ घेणार नाही. 'राजपत्रित अधिकारी' म्हणजे काय ते त्या मुलाला कळलं नाही. त्याने इकडे तिकडे पाहिलं. पांढरा इस्त्रीचा शर्ट, गळ्यात सरकारी ओळखपत्र, सगळे उभे आणि मी एकटा खुर्चीवर बसून लिहितोय. त्याने माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाला, "हे साहेबच आहेत ना? मग यांच्यासमोरच घ्या की."

फौजदार हसले. माझ्याकडे बघून म्हणाले, "काय साहेब, घ्यायची ना?"

मी म्हणालो, "घ्या."

चौतीस वर्षं राजपत्रित अधिकाऱ्यांच्या केबिनबाहेर फायली घेऊन उभा राहिलो. पदोन्नतीच्या यादीत दोनदा नाव आलं आणि दोनदा गेलं. तुझ्या मार्कलिस्टच्या नकला साक्षांकित करून घ्यायला ज्यांच्याकडे जायचो, त्यातले काही माझ्याहून दहा वर्षांनी लहान होते. ते शिक्का मारायला अर्धा तास लावायचे आणि मी 'सर, सर' करत उभा. मला कधी कोणी साहेब म्हटलं नव्हतं. त्या मुलाने म्हटलं. ते दुरुस्त करावंसं मला वाटलं नाही. बरं वाटलं मला, ऋचा. उड्डाणपुलाखाली, त्या मुलाच्या जिवावर.

त्याने नकार दिलाच नव्हता. त्याने अधिकारी मागितला होता, आणि तो मिळाला असं त्याला वाटलं.

हे मी तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही.

बाबा


११ जानेवारी २०२६

चि. ऋचा,

तुझं चार पानी पत्र मिळालं. रागाने लिहिलं आहेस आणि ते योग्यच आहे. चौदा पंचनामे म्हणजे चौदा माणसं, हे तू लिहिलंस तेव्हा मला ती मोजायची छाती झाली नाही. बाकीच्यांचं काय झालं मला माहीत नाही. कोणी विचारलं नाही, मीही विचारलं नाही.

शुक्रवारी सरकारी वकीलबाईंनी बोलावलं होतं. पंचनाम्याची प्रत हातात दिली आणि वाचून ठेवा म्हणाल्या. म्हटलं, अक्षर माझंच आहे. त्या म्हणाल्या, मग तर सोपंच आहे. मी म्हटलं, यातलं सगळं घडलेलं नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. वाईट बाई नाहीत, थकलेल्या आहेत. टेबलावर फायलींचा ढीग होता. म्हणाल्या, "आगाशे, तुम्ही फिरलात तर मला तुम्हाला फितूर ठरवून उलटतपासणी घ्यावी लागेल. तुमच्या खात्यालाही कळवलं जाईल. चार महिने राहिलेत ना तुमचे?" मी म्हटलं, साडेचार.

घरी येताना लक्ष्मी रोडला दोनदा चुकीच्या बाजूने रस्ता ओलांडला.

मला तो मुलगा निर्दोष आहे की नाही हे माहीत नाही, हे तुला सांगून ठेवतो. पुडी त्याच्या खिशात असेलही. वकीलबाईंनी सांगितलं, तो म्हणतो, जाकीट गाडीत कोणी प्रवासी विसरून गेला होता, थंडी होती म्हणून घातलं. असेल, नसेल. मला खरंच माहीत नाही आणि तोच सगळा घोटाळा आहे. ते माहीत असावं म्हणूनच मला तिथे नेलं होतं.

तू विचारलं आहेस, 'कोणी काहीही पुढे केलं तरी तुम्ही सही करायचात, मग माझ्या एका कागदावर का नाही केलीत?' पाच वर्षांनी का होईना, विचारलंस हे बरं केलंस. मी उत्तर देतो, आणि ते चांगलं नाही.

तुमच्या लग्नाच्या नोंदणीला तीन साक्षीदार लागत होते. तू घरी येऊन मला म्हणालीस, बाबा, पहिली सही तुमची. मी म्हणालो, नोंदणीच्या लग्नाला माझा विरोध आहे. तो नव्हता. मुलगा बौद्ध आहे, चार लोक काय म्हणतील, हे होतं. हेच कारण, दुसरं कुठलंही नाही. तुला ते त्याच दिवशी कळलं होतं आणि मी मात्र पाच वर्षं विधींबद्दल बोलत राहिलो. मला त्याची लाज वाटते.

तुझी आई गेली आणि सही करून आली. एक तुझी मैत्रीण. तिसरा कोण होता ते तिने परवा सांगितलं, मी विचारल्यावर. नोंदणी कचेरीबाहेर बसणारा टायपिस्ट. तुला त्याआधी कधी न पाहिलेला माणूस. म्हणजे तुझ्या लग्नाला तुला रस्त्यावरचा पंच धरून आणावा लागला.

तुझ्या पत्राखाली वेगळ्या अक्षरात एक ओळ आहे. 'बाबा, साक्षीच्या दिवशी पोटभर जेवून जा. नंबर उशिरा लागतो आणि भुकेल्या माणसाला लवकर संपवायची घाई होते. बुद्धभूषण.' मला बाबा म्हणायचं त्यांना काही कारण नव्हतं. त्यांना सांग, जेवून जाईन.

बाबा


२८ जानेवारी २०२६

चि. ऋचा आणि बुद्धभूषणराव,
दोघांना आशीर्वाद.

काल साक्ष झाली. तुझ्या आईने सकाळीच वरण-भात वाढला आणि स्वतःही साडी नेसून तयार राहिली. मी म्हटलं, तू कशाला? ती म्हणाली, "तुम्ही सही कशावर करता ते एकदा बघायचंय मला." मग दोघं रिक्षाने गेलो.

तीन वाजता नंबर लागला. अभयला पोलीस घेऊन आले. सव्वीस वर्षांचा असेल आता, केस पुढून विरळ झालेत. त्याने मला लगेच ओळखलं आणि नमस्कार केला. आरोपीने साक्षीदाराला नमस्कार केला म्हणून शिपाई त्याच्यावर खेकसला.

वकीलबाईंनी पंचनामा दाखवला. अक्षर तुमचं? हो. सही तुमची? हो. मजकूर बरोबर आहे? मी म्हटलं, नाही. पहिलं पान मी गाडी येण्याआधी लिहिलं होतं. पुडी कुठून निघाली ते मी पाहिलं नाही. पोलिसांची झडती आम्ही घेतली नाही.

त्यानंतर त्यांनी मला फितूर ठरवायची परवानगी मागितली आणि पुढची चाळीस मिनिटं मला सोललं. आरोपीच्या आईला भेटलात का? भेटलो. कुठे? याच कोर्टाच्या बाकावर. तिने काही दिलं? पेरू दिला, घेतला नाही. कोर्टात कोणीतरी हसलं. मुलगी असल्याच आरोपींची वकिली करते का? करते. तिच्याशी या खटल्याबद्दल पत्रव्यवहार झाला का? झाला. प्रत्येक उत्तर खरं होतं आणि प्रत्येक उत्तराने मी जास्त खोटा दिसत होतो. बुद्धभूषणराव, पोटात अन्न नसतं तर मी मधेच कधीतरी 'लिहिलंय ते बरोबर आहे' म्हणून मोकळा झालो असतो, हे अतिशयोक्तीने सांगत नाही.

मग न्यायाधीशांनी स्वतः विचारलं. आरोपीने अधिकाऱ्यासमोर झडतीला नकार दिला, असं तुम्ही लिहिलं आहे. ते तरी घडलं का? मी सांगितलं, नाही. त्याने मला अधिकारी समजून माझ्यासमोर झडती घ्या म्हटलं, आणि मी 'घ्या' म्हणालो.

"तुम्ही राजपत्रित अधिकारी आहात?"

"नाही. मी वरिष्ठ लिपिक आहे."

मी हे न्यायाधीशांकडे बघून बोललो, पण ऐकू आलं ते अभयला. तो कठड्याला धरून उभा होता. तीन वर्षं त्याने आईला, वकिलांना, सोबतच्या कैद्यांना सांगितलं असणार, मोठ्या साहेबांसमोर झालंय सगळं. त्याच्या चेहऱ्यावर राग आला नाही. राग आला असता तर मला सोपं गेलं असतं. तो हळूच एवढंच म्हणाला, "म्हणजे तुम्ही साहेब नव्हता." मी नाही म्हटलं. शिपायाने पुन्हा त्याला गप्प केलं.

साक्ष टाइप करून सहीसाठी पुढे आली. चार पानं. लघुलेखक बोटाने जागा दाखवून म्हणाला, इथे करा. मी चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. तो घड्याळाकडे बघत होता, पुढचा साक्षीदार उभा होता. एका ठिकाणी 'मी पाहिले' असं टाइप झालं होतं, तिथे 'मी पाहिले नाही' हवं होतं. ते दुरुस्त करून घेतलं. मग सही केली. वाचून केलेली माझी पहिली सही असावी. तुझी आई मागच्या बाकावरून बघत होती.

निकाल कधी लागेल सांगता येत नाही. तो सुटेल की नाही हेही. वकीलबाई बाहेर पडताना म्हणाल्या, तुमच्या साहेबांना पत्र जाईल. जाऊ दे. ते पत्र मागच्या कुठल्या तरी पत्रावरून कोणीतरी करेल.

कांताबाई जिन्यात भेटल्या. मी हात जोडले. माफी मागितली. त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाल्या, "तवाच सांगायचं हुतं, भाऊ." आणि उतरून गेल्या. साहेब म्हणाल्या नाहीत.

रात्री नीट झोप लागली नाही, आज अंग मोडून आल्यासारखं आहे. तरी हे पत्र आजच पोस्टात टाकतो, उद्यावर ठेवलं तर मी त्यातलं काहीतरी गाळीन.

एक विचारायचं आहे. तुमची वल्लरी दोन वर्षांची झाली आणि आजोबा असून मी तिला तुझ्या आईच्या फोनवरसुद्धा पाहिलेलं नाही. फोन समोर आला की मी पेपर उचलायचो. तुम्हा दोघांची हरकत नसेल तर पुढच्या शनिवारच्या बसने आम्ही येतो. काही समारंभ नको, कोणाला बोलावू नका. मला फक्त तिला बघायचं आहे, मान वर करून.

तुझा
बाबा